पळायलता का लढायलता? समुद्रात बुडालेल्या एका राजाबद्दल



यादवांचा पाठ शिकवताना आपण मराठवाड्यातले शिक्षक जरा ताठ होतो. मी तरी होते. देवगिरी आपली, हेमाडपंत आपला, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याचा उंच दगडी स्तंभ आपला, गंगाखेडजवळचं धारासूरचं गुप्तेश्वराचं देऊळ आपलं. पुस्तकात यादव धावत येऊन जातात, पण आपण त्यांना थोडं थांबवून घेतो. त्यात गैर काहीच नाही.

अशाच एका तासाला मी सांगत होते, की यादवांचा राजा महादेव याने उत्तर कोकण जिंकलं, आणि तिथला शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. फळ्यावर साल लिहिलं, इ.स. १२६५ च्या सुमारास. पुढच्या वाक्याला लागणार, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती एरवी फारसं बोलत नाही.

"मॅडम, त्यो राजा पळायलता का लढायलता?"

वर्ग हसला. मीही हसले, आणि म्हणाले, "बुडाला एवढं लक्षात ठेव. परीक्षेला तेवढंच येतं."

घरी जाताना हे वाक्य मला टोचत राहिलं. लेकरानं इतिहासातला खरा प्रश्न विचारला होता आणि मी तिला परीक्षेतलं उत्तर देऊन खाली बसवलं होतं. म्हणून आज हा लेख. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. जिंकलेल्या राजांइतकाच हरलेला राजाही शिकवला पाहिजे. त्याची दया येते म्हणून नाही. हरलेल्याची गोष्ट शिकवल्याशिवाय "हे आपल्याला कुणी सांगितलं?" हा प्रश्न लेकरांच्या तोंडी येतच नाही, आणि तो प्रश्न नसेल तर आपला तास पाढे पाठ करण्यासारखाच होतो.

आधी राजा कोण होता ते पाहू

सोमेश्वर म्हटलं की गोंधळ होतो, कारण कल्याणीच्या चालुक्यांतही सोमेश्वर नावाचे राजे होऊन गेले. 'मानसोल्लास' लिहिणारा सोमेश्वर तो चालुक्यांचा. आपला सोमेश्वर शिलाहारांचा. शिलाहारांच्या तीन शाखा होत्या, एक उत्तर कोकणात, एक दक्षिण कोकणात आणि एक कोल्हापूरकडं. उत्तर कोकणची शाखा इ.स. ८०० च्या आसपास राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून उभी राहिली आणि साडेचारशे वर्षं टिकली. ठाणे, म्हणजे तेव्हाचं श्रीस्थानक, हे त्यांचं मोठं ठिकाण. आजचे ठाणे, मुंबई, पालघर, रायगड हे जिल्हे डोळ्यांपुढं आणा, म्हणजे त्यांच्या राज्याचा अंदाज येईल.

साडेचारशे वर्षं म्हणजे काय हे लेकरांना कळावं म्हणून मी त्यांना उलटं मोजायला लावते. आजपासून साडेचारशे वर्षं मागं गेलो तर शिवाजी महाराजांचाही जन्म झालेला नसतो. एवढा काळ एकच घराणं किनाऱ्यावर टिकून होतं. वर राष्ट्रकूट गेले, चालुक्य आले, शेजारी गुजरातचे राजे चढाई करून गेले, गोव्याच्या कदंबांशी भांडणं झाली, तरी हे टिकले. अंबरनाथचं प्रसिद्ध शिवमंदिर त्यांच्याच काळातलं, त्यावरच्या लेखात शक ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे. कान्हेरीच्या लेण्यांत त्यांच्या काळातले लेख आहेत. अरब प्रवासी अल् मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला, तेव्हा तिथं शिलाहारांचा झंझ राजा होता, आणि मसूदीनं त्याचं नाव लिहून ठेवलं आहे. बगदादकडचा माणूस चौलच्या राजाचं नाव लिहितो, म्हणजे त्या बंदराचा बोलबाला किती असेल बघा.

सोमेश्वर हा या घराण्यातला शेवटचा. त्याच्या कारकिर्दीचे दोन शिलालेख उरण भागातून मिळाले आहेत. एक रानवडचा, शक ११८१ चा, आणि दुसरा चांजे गावचा, शक ११८२ चा. शकात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतो, १२५९ आणि १२६०. (ही बेरीज लेकरांकडून जरूर करून घ्या. गणिताच्या शिक्षकांनाही बरं वाटतं.) चांजेच्या लेखात एका बागेचं १६२ पारुत्थ द्रम्म इतकं उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद आहे. द्रम्म म्हणजे त्या काळचं चांदीचं नाणं.

आता हा लेख शांतपणे वाचून बघा. पाच वर्षांनी ज्याचं राज्य जाणार आहे तो राजा एका बागेचा महसूल मोजतोय, देवाला दान देतोय, जमिनीच्या हद्दी लिहून ठेवतोय. पुढं काय वाढून ठेवलंय याचा त्या दगडावर मागमूस नाही. मला वाटतं, मोठ्यातल्या मोठ्या लढाईच्या वर्णनापेक्षा हा १६२ चा आकडा लेकरांच्या जास्त जवळ जातो. त्यांच्या घरात सातबारा आहे, बांधावरून भांडणं आहेत, कापसाचा हिशेब आहे. राजाही हिशेबच लिहीत होता, हे त्यांना पटकन कळतं.

देवगिरीला समुद्र कशाला हवा होता?

हा प्रश्न वर्गात टाकाच. देवगिरी डोंगरावर, समुद्र घाटाखाली लांब. मग महादेवाला कोकण कशाला पाहिजे होतं?

नकाशा उघडा. ठाणे, सोपारा, चौल ही बंदरं बघा. सातवाहनांच्या काळापासून पैठण आणि तेरचा माल नाणेघाटासारख्या वाटांनी खाली उतरून या बंदरांवर जायचा. घाटावरच्या राजाला बाहेरचा माल पाहिजे असेल तर त्याचा हात शेवटी बंदरावरच पोचतो. त्यातही घोडे. चांगले लढाऊ घोडे अरबस्तान आणि इराणकडून जहाजांतून यायचे. ज्याच्या हातात बंदर त्याच्या हातात घोडा, आणि ज्याच्याकडं घोडा त्याच्याकडं फौज. याच शतकाच्या शेवटी मार्को पोलोनं ठाण्याबद्दल लिहिलंय की तिथल्या राजाचं चाच्यांशी संगनमत होतं. लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. यादव तेव्हा ठाण्यापर्यंत पोचले होते, आणि तरीही घोड्यांची ओढ अशी होती.

थोडक्यात, हे भांडण दोन राजांच्या अहंकाराचं नव्हतं. त्यात बंदर, जकात आणि घोडे होते. यादवांच्या सिंघण राजानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरचे शिलाहार संपवलेच होते. महादेव इ.स. १२६१ च्या सुमारास गादीवर आला आणि त्यानं उरलेलं काम हाती घेतलं. जमिनीवर यादवांची फौज भारी होती, हत्ती होते. सोमेश्वराची ताकद पाण्यावर होती. जमिनीवर टिकाव लागेना, तेव्हा तो आपल्या माणसांसह जहाजांवर गेला. यादवांनी तिथंही पाठ सोडली नाही. समुद्रातच त्याचा शेवट झाला आणि उत्तर कोकणचं शिलाहार घराणं तिथं संपलं. पुढं शक ११९४, म्हणजे इ.स. १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात यादवांचा अधिकारी अच्युत नायक कारभार पाहताना दिसतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं

जहाजावर गेलेला सोमेश्वर पळून चालला होता, की स्वतःच्या हक्काच्या मैदानावर लढायला गेला होता?

आपल्याकडं तीन साक्षीदार आहेत.

पहिला साक्षीदार हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. तो महादेव यादवाचा श्रीकरणाधिप होता, राज्याच्या दप्तराचा प्रमुख. त्याच्या 'चतुर्वर्ग चिंतामणि' या मोठ्या ग्रंथात यादव राजांची प्रशस्ती येते. तिच्यात तो म्हणतो, की कोकणचा सोमेश्वर आपल्या सैन्यासह समुद्रात बुडाला. पुढं तो अशी कल्पना करतो, की महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा समुद्राच्या पोटातला वडवानल बरा, असं वाटून सोमेश्वरानं समुद्र जवळ केला. म्हणजे या साक्षीदाराचं म्हणणं, राजा घाबरला होता.

पण हा साक्षीदार कुणाचा? महादेवाचा नोकर. पगार कुणाचा खातो? महादेवाचा. आपल्या मालकाच्या शत्रूबद्दल तो "शूर होता, शेवटपर्यंत लढला" असं लिहील का? हेमाद्री खोटारडा होता असं मला म्हणायचं नाही. तो विद्वान होता, त्याचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. पण प्रशस्ती म्हणजे साक्ष नव्हे. लग्नपत्रिकेतला मजकूर वाचून आपण मुलाच्या स्वभावाचा अंदाज बांधतो का? तसंच हे.

दुसरा साक्षीदार सोमेश्वराचे स्वतःचे लेख. त्यांत लढाईचं अवाक्षर नाही, कारण ते लढाईच्या आधीचे. शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला कोकणचक्रवर्ती, पश्चिम समुद्राचा अधिपती अशा मोठ्या पदव्या लावतात. तीही प्रशस्तीच. यांना समुद्राचा स्वामी म्हणायचं आणि त्यांना समुद्राला भ्यालेला म्हणायचं, दोन्हीकडं पगारी लेखणी चाललेली. लेकरांना हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवा. शिकवायची गरज पडत नाही, तीच हसायला लागतात.

तिसरा साक्षीदार मुका आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर गावात वीरगळांची एक रांग आहे. काही शिळा माणसाहून उंच. त्यांच्यावर हत्ती आहेत, तलवारी आहेत, आणि उंच नाळेची, वल्ह्यांच्या रांगांची जहाजं आहेत. खालच्या पट्ट्यांत लढाई, वरच्या पट्ट्यांत स्वर्ग. समुद्रावरची लढाई कोरलेले असे वीरगळ फार थोडे. अनेक अभ्यासक म्हणतात, की ही सोमेश्वर आणि महादेवाचीच लढाई. काहींच्या मते या शिळा त्याआधीच्या, अकराव्या शतकातल्या आहेत. वाचून निकाल लावता येईल असा लेख त्यांच्यावर नाही, म्हणून वाद मिटत नाही.

वाद काही असो, ते दगड एक गोष्ट पक्की सांगतात. त्या किनाऱ्यावर माणसं जहाजांवरून लढली, लढून मेली, आणि मागं राहिलेल्या लोकांनी त्यांना वीर म्हटलं. पळून जाताना बुडालेल्याचा वीरगळ कुणी उभा करत नाही. जिंकणाऱ्याच्या ग्रंथात जे लोक फक्त "सैन्यासह बुडाले" एवढ्यात संपतात, तशाच लोकांसाठी त्यांच्या गाववाल्यांनी दगड घडवले.

मग उत्तर काय? माझं मत सांगते. ज्याच्या घराण्याची साडेचारशे वर्षं बंदरांवर गेली तो राजा जमिनीवर हरल्यावर जहाजावर जातो, तर ते मला पळणं वाटत नाही. परभणीचा शेतकरी अडचणीत आला की शेताकडंच जातो, तसा तो आपल्या ताकदीच्या जागी गेला. पण हे माझं मत आहे, पुरावा नाही, हेही मी वर्गात सांगते. आणि दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला तेच सांगितलं, "काल मी तुला चुकीचं खाली बसवलं. तुझा प्रश्न बरोबर होता. त्याचं पक्कं उत्तर कुणाकडंच नाही, पण शोधायची वाट आहे."

तो "त्यांचा" राजा होता का?

इथं एक गंमत आहे. मला स्वतःला ती उशिरा कळली आणि तेव्हापासून माझा यादवांचा तास बदलला.

शिलाहार राजे आपल्या लेखांत एक पदवी अभिमानानं लावत, 'तगरपुरवराधीश्वर'. म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. तगर कुठलं? आपलं तेर! धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीवरचं, संत गोरोबा काकांचं तेर. कोकणचे राजे ठाण्याला बसून, समुद्राच्या काठावर, शेकडो वर्षं सांगत होते की आमचं मूळ मराठवाड्यात आहे.

मी हे फळ्यावर फोड करून लिहिते, तगर अधिक पुर अधिक वर अधिक अधीश्वर. संधी-समासाचा सरावही होतो. आणि मग विचारते, "आता सांगा, बुडाला तो राजा आपला का परका?" वर्ग गप्प होतो. कारण दहा मिनिटांपूर्वी "आपण कोकण जिंकलं" म्हणून टाळ्या वाजलेल्या असतात.

मला वाटतं, इतिहासाच्या तासाला अशी शांतता वर्षातून चार-पाच वेळा तरी पडली पाहिजे. "आपण" आणि "ते" ही रेघ राजांनी आखली, मग आपण पाठ केली, पण ती दगडावरची रेघ नाही. त्या घराण्याची कुळकथासुद्धा बघा. ते आपला मूळ पुरुष जीमूतवाहन सांगत. एका नागाचा जीव वाचावा म्हणून वध्यशिळेवर स्वतः जाऊन बसलेला, आणि गरुडाला आपलं शरीर देऊ केलेला जीमूतवाहन. शिळेवरचा आहार म्हणून शिलाहार. दुसऱ्यासाठी स्वतःला देणाऱ्या माणसाला ज्यांनी आपला पूर्वज मानलं, त्या घराण्याचा शेवट एका ओळीत "घाबरून बुडाला" असा करणं मला तरी बरं वाटत नाही.

आणि मग देवगिरीवरच वेळ आली

सोमेश्वर बुडाल्यावर एकतीस वर्षांनी, इ.स. १२९६ मध्ये, अलाउद्दीन खलजी देवगिरीवर आला. रामचंद्रदेव यादवाचा पराभव झाला. पुढं मलिक काफूर आला, रामचंद्राला दिल्लीला नेलं, आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांचं राज्य संपलं. या सगळ्या हकिकती आपल्याला बऱ्याचशा कुणाकडून कळतात? दिल्लीकडच्या लेखकांकडून. अमीर खुसरो, झियाउद्दीन बरनी. म्हणजे पुन्हा जिंकणाऱ्याच्या बाजूची लेखणी.

तेव्हा मात्र आपल्याला लगेच वाटतं, "हे त्यांनी लिहिलंय, जपून वाचा." बरोबर आहे, जपूनच वाचायचं. पण मग हीच काळजी हेमाद्री वाचताना का नको? यादव हरले तर लेखक पक्षपाती, आणि यादव जिंकले तर लेखक खरा, हे चालणार नाही. लेकरं हुशार असतात, आपला हा दुटप्पीपणा त्यांना कळतो. फक्त ती बोलत नाहीत, कारण आपण त्यांना खाली बसवलेलं असतं.

आज तर याची गरज फार वाढलीय. आपल्या लेकरांच्या घरी मोबाईल आहे. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या गटावर इतिहासाचा एक संदेश येतो. कोण शूर, कोण गद्दार, कोण पळपुटा, सगळे निकाल चार ओळींत. पालकहो, तुम्हीही ते पुढं ढकलता, मीही कधी ढकलले आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या सोमेश्वराबद्दल "हे कुणी लिहिलं, तो कुणाचा माणूस होता, दुसरा पुरावा काय?" असं विचारायला शिकलेलं लेकरू उद्या त्या संदेशाबद्दलही तेच विचारेल. सोमेश्वरावर सराव करण्याचा एक फायदा आहे. त्याच्यावरून आज कुणाचं डोकं फिरत नाही. कुणाची मिरवणूक नाही, कुणाचा पुतळा नाही. शांत डोक्यानं पुरावा तपासायला याहून चांगला राजा मिळायचा नाही.

"मॅडम, एवढा वेळ कुणाकडं आहे?"

हा आक्षेप मला शिक्षककक्षात ऐकायला मिळतो, आणि तो खोटा नाही. अभ्यासक्रम संपवायचा असतो, माहिती भरायची असते, कुठलं ना कुठलं सर्वेक्षण चालूच असतं. शिष्यवृत्तीच्या सरावात "शेवटचा शिलाहार राजा कोण?" असा प्रश्न आला तर चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, कारणं लिहायची नसतात.

पण मी अख्खा महिना मागत नाही. दोन तास मागते. पहिल्या तासाला नकाशा आणि गोष्ट. नकाशात परभणी शोधा आणि बोट सरळ डावीकडं सरकवा. परभणी आणि बोरिवली जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही १९ अंश उत्तरेच्या थोड्याच वर. बोट सरळ नेलं की समुद्र लागतो, अंतर चारशे किलोमीटरच्या वर. आपल्या बऱ्याच लेकरांनी समुद्र पाहिलेला नसतो. येलदरीचं धरण पाहिलेलं असतं. "येलदरीचा पलीकडचा काठ दिसतो, याचा दिसत नाही" एवढं सांगितलं तरी डोळे मोठे होतात.

दुसऱ्या तासाला तीन साक्षीदार. एक लेकरू हेमाद्री, एक चांजेचा शिलालेख, एक एकसरचा वीरगळ. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. वीरगळ झालेल्या लेकरानं बोलायचं नाही, फक्त हातवाऱ्यांनी दाखवायचं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न वीरगळालाच आले. हेमाद्री झालेला मुलगा शेवटी वैतागून म्हणाला, "मला राजानं लिव्हाय सांगितलं, मी लिव्हलं!" यापेक्षा चांगली व्याख्या मला प्रशस्तीची देता आली नसती.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो. अशानं लेकरांचा अभिमान कमी होईल, ती गोंधळतील. मला उलटा अनुभव आहे. यादवांबद्दलचा आदर कमी झाला नाही. फक्त चारठाण्याचं देऊळ बघताना आता ती विचारतात, "हे खरंच हेमाडपंतानं बांधलं का?" आणि तिथंही सांगावं लागतं, की आपण ज्यांना हेमाडपंती म्हणतो ती सगळी देवळं एका माणसानं बांधलेली नाहीत, त्यातली काही त्याच्या आधीचीही आहेत. ज्याची नीट चौकशी केलीय त्याचा अभिमान जास्त टिकतो, असं मला वाटतं.

आपल्या गावातले मुके साक्षीदार

शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात निकडीची.

वीरगळ फक्त एकसरला नाहीत. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आहेत. मारुतीच्या पाराजवळ, वेशीच्या कडेला, नदीकाठच्या महादेवाच्या मागं. खालच्या चौकटीत पडलेला वीर किंवा गाईंचा कळप, मधे लढाई किंवा अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, डोक्यावर चंद्रसूर्य. खालून वर वाचायचा असतो. आपण काय करतो? कुणी त्याला शेंदूर फासतं, कुणी रंग देतं, कुणी त्यावर कपडे धुतं, आणि देवळाचा जीर्णोद्धार निघाला की तो पायात गाडला जातो. कुणी मुद्दाम करत नाही. माहीत नसतं म्हणून होतं.

या दगडांवर राजाची नावं नसतात. ती आपल्यासारख्याच लोकांची आठवण आहे. गाईंसाठी मेला, गावासाठी मेला, कुठल्यातरी राजाच्या लढाईत मेला. त्यांच्यासाठी कुठल्याही हेमाद्रीनं ग्रंथ लिहिला नाही. दगड गेला की ते माणूस दुसऱ्यांदा मेलं, यावेळी कायमचं.

म्हणून शिक्षकांना विनंती, एका शनिवारी लेकरांना घेऊन गावातले असे दगड शोधा. हात लावायचा नाही, हलवायचे नाहीत, घासायचे नाहीत. वहीत चित्र काढायचं, वितीनं उंची मोजायची, कुठं आहे ते लिहायचं, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, "आजोबा, याला काय म्हणतेत?" ती वही शाळेत जपून ठेवा. पालकांना विनंती, जीर्णोद्धाराच्या बैठकीत असाल तर एवढं बोला, की हा दगड पायात टाकू नका, बाजूला सावलीत उभा करा. मुंबईला पाहुण्यांकडं गेलात तर चौपाटीबरोबर एकसरही दाखवा. तुळजापूरला जाताना वाट वाकडी करून तेरचं लामतुरे वस्तुसंग्रहालय दाखवा. आणि तिथं लेकराच्या कानात सांगा, समुद्रात बुडालेला एक राजा स्वतःला या गावचा म्हणवत होता.

त्या मुलीनं वहीत काय लिहिलं ते सांगून थांबते. मी प्रश्न दिला होता, "सोमेश्वराचा शेवट कसा झाला?" तिनं लिहिलं, "तो समुद्रात मेला. जिंकणारे म्हणतात भिऊन मेला. दगड म्हणतो लोक लढले. मी तिथं नव्हते."

परीक्षेत याला किती गुण मिळतील मला माहीत नाही. मी पैकीच्या पैकी दिले.

तुमच्या गावात वीरगळ असेल, किंवा हा पाठ तुम्ही वेगळ्या पद्धतीनं घेत असाल, तर जरूर कळवा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा. मला खाली बसवू नका म्हणजे झालं!